पणजी ते लिस्बन, व्हाया कैरो

सकाळी आठ-साडेआठला आल्तिनोच्या चढावर रिक्षा थांबते आणि तीन पिढ्या खाली उतरतात. फुलाफुलांचा फ्रॉक घातलेली आजी, तिचा हात धरलेली लेक आणि मोबाइलमधून डोकं वर न काढणारा नातू. लेकीच्या काखेत प्लॅस्टिकची फुगलेली फाईल. पणजीतल्या या टेकडीवर आर्चबिशपांचा वाडा आहे, आकाशवाणीचं केंद्र आहे, सरकारी बंगले आहेत. पण ही मंडळी निघाली आहेत पोर्तुगालच्या कॉन्सुलेटकडे. मागोमाग पेडण्याकडचं एक जोडपं येतं. त्यातल्या गृहस्थांच्या कपाळावर गंध आहे, आणि हातात तशीच फाईल. मग दमणचं एक गुजराती कुटुंब. आत सोडतात ते आधी वेळ घेतलेल्यांनाच. बाकीचे झाडाखाली उभे राहून एकमेकांच्या फाईली चाळतात. पाच-दहा मिनिटांत कोण कुठल्या टप्प्यावर अडकलंय ते सगळ्यांना कळलेलं असतं.

संपादकांनी विषय दिला होता ‘परक्या देशातलं आपलं माणूस’. वकिलाती कशा चालतात, बंद पडल्यावर काय होतं, ते बघून लिहा, म्हणाले. त्यासाठी दिल्लीच्या चाणक्यपुरीत जाऊन रुंद रस्ते आणि उंच फाटकं बघता आली असती. मला गोवा बरा वाटला. भारत आणि पोर्तुगाल यांच्यात १९५५ पासून १९७४ अखेरपर्यंत वकिलातच नव्हती, आणि नेमक्या त्याच काळात दोन्हीकडच्या हजारो माणसांची कामं एकमेकांच्या देशात अडकून पडली होती. त्याच्याही कितीतरी आधी, शिवकाळात आणि पेशवाईत, मराठ्यांच्या दरबारात पोर्तुगिजांतर्फे बोलणारा माणूस बऱ्याचदा गोव्याचाच कुणी शेणवी असे. हा सगळा पट पाहिला की माझं मत असं होतं: दोन देशांमधला व्यवहार राजदूतांच्या नावावर जमा होतो खरा, पण तो हाकतो मधला माणूस. कधी तो दुभाष्या असतो, कधी तिसऱ्याच देशाचा अधिकारी, कधी मडगावच्या गल्लीतला टायपिस्ट.

पोर्तुगिजांचे शेणवी

गोव्याच्या पुराभिलेखागारात ‘रेइस विझिन्होस’ या नावाचे दप्तरखंड आहेत. शेजारच्या राजांशी झालेला पत्रव्यवहार त्यांत बांधलेला आहे. पानं तपकिरी पडलेली, काही ठिकाणी शाईने कागद खाल्लेला. आपल्या ओळखीचे राजे त्यांत पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगात भेटतात; मधूनच एखादा मोडी कागद येतो आणि एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं होतं. हे सगळं दप्तर आयुष्यभर उपसलं ते पांडुरंग पिसुर्लेकर यांनी. पुराभिलेखागाराची धुरा त्यांनी पोर्तुगीज अमलातच सांभाळली. त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ साली काढला, तो मराठी वाचकांना ठाऊक असतो. त्याआधी १९५२ मध्ये त्यांनी पोर्तुगीज भाषेत आणखी एक ग्रंथ सिद्ध केला होता, तो मात्र फारसा कुणी उघडत नाही. पोर्तुगिजांच्या हिंदुस्थानातल्या राजकारणात वकील आणि दुभाषी म्हणून राबलेल्या हिंदू, मुसलमान, ज्यू आणि पारशी माणसांवर तो आहे.

यात एक गंमत आहे, आणि ती कडू आहे. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन बसलं होतं, ते मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत हललं नाही. हिंदूंना उघड पूजाअर्चा करायला बंदी, देवळं पाडलेली, देव रातोरात नदीपलीकडे नेलेले. आणि तेच सरकार आपली सगळ्यात नाजूक बोलणी हिंदू शेणव्यांच्या हवाली करत होतं. कारण सरळ होतं. फिदाल्गो म्हणजे सरदार घराण्यातला पोर्तुगीज साहेब रायगडाला किंवा पुण्याला गेला, तर त्याला मोडी वाचता येत नव्हती, पंक्तीला बसता येत नव्हतं आणि कारभाऱ्याच्या घरी सकाळच्या वेळी सहज डोकावता येत नव्हतं. शेणव्याला हे तिन्ही येत होतं, वर पोर्तुगीजही येत होती.

१६६७ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांच्या फौजा बारदेशात शिरल्या. महाराजांविरुद्ध उठलेले देसाई गोव्यात आसरा घेऊन तिथून उपद्रव देत होते, हे त्याचं कारण. पुढच्याच महिन्यात तह झाला. त्या बोलण्यांत पोर्तुगिजांच्या बाजूने गेला तो रामाजी शेणवी कोठारी.

पेशवाईत हा मान नारायण शेणवी धुमे यांच्याकडे आला. वकिलाचं काम म्हणजे काय, हे धुम्यांच्या उदाहरणावरून नीट कळतं. दरबारात उभं राहून खलिता वाचणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. खरं काम बसून राहण्याचं. कारभारी भेटेपर्यंत थांबायचं, सणावाराला नजराणा पोचवायचा, कोणाचं कोणाशी बिनसलंय याचा कानोसा घ्यायचा आणि ते सगळं गोव्याला लिहून पाठवायचं. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगिजांचं ‘सांताना’ हे जहाज धरलं. त्याची भरपाई मागायची होती. मागता मागता पुण्यात दोन पेशवे गेले, त्यांतला एक मारला गेला, बारभाईंचं राज्य आलं, इंग्रजांशी लढाई जुंपली. माणूस मात्र ठाण मांडून होता. अखेर १७ डिसेंबर १७७९ चा तह झाला आणि पेशव्यांनी दमणच्या बाजूला बारा हजार रुपये महसुलाची गावं द्यायचं कबूल केलं. प्रत्यक्ष नगर हवेली हाती पडायला १७८३ उजाडलं, दादरा १७८५ मध्ये आलं.

ही गावं सरंजाम म्हणून दिली होती. महसूल तुमचा, राज्य आमचं. त्या वेळी हे कोणी फारसं मनावर घेतलं नसावं. पावणेदोनशे वर्षांनी नेदरलँड्समधल्या द हेग शहरात पंधरा न्यायाधीश याच कागदांवर डोकं खपवत बसणार होते.

लिस्बनमधली चार वर्षं

स्वातंत्र्यानंतर भारताने १९४९ मध्ये लिस्बनला वकिलात उघडली. पोर्तुगालचीही दिल्लीत होती. दोन्हीकडे राजदूत नव्हे, त्याखालच्या मिनिस्टर दर्जाचे प्रतिनिधी. याखेरीज भारताचा कॉन्सुल जनरल पणजीत बसे आणि पोर्तुगालचं कॉन्सुलेट मुंबईत होतं. मुंबईतल्या कॉन्सुलेटला कामाचा तोटा नव्हता. धोबीतलावच्या आसपास गोवेकरांच्या कुडी होत्या. गावच्या नावाने चालणाऱ्या त्या खानावळवजा खोल्यांत खलाशी, आचारी, वाजंत्री आणि शिंपी आपली पत्र्याची ट्रंक ठेवून राहत. त्यांचे दाखले, त्यांचे प्रवासाचे कागद, बोटीवर मेलेल्याच्या पगाराची बाकी, हे सगळं तिथल्या टेबलांवरून जाई.

लिस्बनच्या वकिलातीत मात्र काम एकच होतं, आणि ते होण्याची शक्यता नव्हती. २७ फेब्रुवारी १९५० रोजी भारताने पोर्तुगालकडे रीतसर मागणी केली, की हिंदुस्थानातल्या वसाहतींच्या भवितव्याविषयी बोलायला बसू. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारचं उत्तर आलं: वसाहती कसल्या? तो पोर्तुगालचाच भाग आहे, त्याबद्दल परक्यांशी काय बोलायचं? पुढच्या वर्षी त्यांनी राज्यघटनेतच बदल करून टाकला आणि सगळ्या वसाहती कागदोपत्री ‘समुद्रापारचे प्रांत’ झाल्या. वाटाघाटीचं दारच बुजवून टाकण्याची ही युक्ती मला कायद्याच्या अंगाने चतुर आणि राजकारणाच्या अंगाने अडाणी वाटते. दार नसलं की माणसं भिंत पाडतात.

परराष्ट्र खात्याच्या नोकरीतला हा अजब प्रकार आहे. ज्या विषयासाठी आपल्याला पाठवलंय तो सोडून बाकी सगळं यजमान बोलतो. मेजवानीला बोलावतो, राष्ट्रीय दिनाला हस्तांदोलन करतो, पोर्ट वाइनची चौकशी करतो. विषय काढला की कानावर हात. तीन वर्षं हे चाललं. १९५३ च्या जानेवारीत भारताने पुन्हा लिहिलं, पुन्हा नकार आला, आणि ११ जून १९५३ रोजी आपण लिस्बनमधली वकिलात बंद केली. संबंध मात्र तोडले नव्हते. दिल्लीतली पोर्तुगीज वकिलात अजून चालू होती, पणजीतलं भारताचं कॉन्सुलेटही.

हे उरलेसुरले संबंधही पुढच्या दोन वर्षांत मोडले. १९५४ च्या उन्हाळ्यात दादरा आणि मग नगर हवेली स्वयंसेवकांनी मुक्त केली. २ ऑगस्टला सिल्वासा पडलं, त्या तुकडीत सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते. १९५५ मध्ये सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्याच्या सरहद्दीवर धडकू लागल्या. ना. ग. गोरे, सेनापती बापट, मधू लिमये, जगन्नाथराव जोशी, अशी वेगवेगळ्या पक्षांची माणसं एकाच रस्त्याने गेली. भारताने दिल्लीतली पोर्तुगीज वकिलात बंद करायला लावली. १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक माणसं मेली, आणि १ सप्टेंबरपासून कॉन्सुलेटांनाही टाळं लागलं. गोव्याकडे जाणारी आगगाडी थांबली, सरहद्द बंद झाली. मुंबईतल्या कुडींत राहणाऱ्या माणसाला मडगावात आई मेली तर जाण्यासाठी परवाना काढावा लागे.

तिसऱ्याच्या ओसरीवर

दोन देशांनी तोंड फिरवलं तरी त्यांची माणसं एकमेकांच्या मुलखात उरतात. तुरुंगात कैदी असतात, बँकेत ठेवी असतात, वकिलातीच्या बंद इमारतीत खुर्च्या-टेबलं आणि दप्तर असतं. या सगळ्याची देखभाल करायला दोघांनाही चालेल असा एक तिसरा देश लागतो. ही रीत जुनीच. पुढे १९६१ च्या व्हिएन्ना करारात ती कलमं घालून पक्की केली गेली. भारताची बाजू पोर्तुगालमध्ये इजिप्तने सांभाळायची आणि पोर्तुगालची भारतात ब्राझीलने, असं ठरलं.

निवड बघण्यासारखी आहे. ब्राझील ही पोर्तुगालची एके काळची वसाहत, भाषा एक, घरोबा मोठा. इजिप्तमध्ये नासेर, आणि नासेर-नेहरूंची जवळीक तेव्हा ऐन भरात. आपला घरचा निरोप भावबंदांपैकी कुणाकडे द्यावा, तसंच हे.

काम कसं चाले? समजा अग्वादच्या किल्ल्यात भारतीय सत्याग्रही डांबलेला आहे. दिल्लीला त्याच्या प्रकृतीची चौकशी करायची आहे. दिल्लीहून प्रश्न इजिप्तकडे जाणार, इजिप्तचा माणूस तो पोर्तुगीज सरकारपुढे ठेवणार, उत्तर आलंच तर ते त्याच वाटेने उलटं येणार. प्रत्येक टप्प्यावर भाषा बदलणार, कागद नव्याने टंकला जाणार, आणि मधल्या अधिकाऱ्याला आपल्या देशाची म्हणून दहा कामं असणार. दुसऱ्याच्या कैद्यासाठी तो किती खेटे घालणार हे त्याच्या स्वभावावर. गोरे, लिमये, त्रिदिब चौधरी ही नावं संसदेत आणि वर्तमानपत्रांत रोज घेतली जात होती, त्यांना लांबलचक शिक्षा सुनावूनही १९५७ च्या फेब्रुवारीत सोडलं गेलं. ज्यांचं नाव कुणी घेत नव्हतं त्यांच्यासाठी ही वाट फारच लांबची होती.

दरम्यान पोर्तुगालने वेगळंच दार ठोठावलं. १९५५ च्या डिसेंबरात त्याला संयुक्त राष्ट्रसंघाचं सदस्यत्व मिळालं आणि आठवडाभरात, २२ डिसेंबरला, त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. दमणहून दादरा-नगर हवेलीत जायचा आमचा रस्ता भारताने अडवलाय, तो मोकळा करून द्या. ज्यांच्यात वकिलात उरली नव्हती ते दोन देश आता एकाच दालनात समोरासमोर बसून बोलत होते, फक्त बोलणी काळ्या झग्यांमार्फत होती. भारताच्या बाजूने अॅटर्नी जनरल सेटलवाड उभे राहिले. न्यायपीठावर भारताने नेमलेले न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. छागला.

आणि इथे धुम्यांचा तह पुन्हा वर आला. पोर्तुगाल म्हणालं, पेशव्यांनी आम्हाला हा मुलूख कायमचा दिला. भारत म्हणाला, दिला तो महसूल. न्यायालयाने मराठी आणि पोर्तुगीज कागद शेजारी ठेवून पाहिले आणि मराठ्यांनी दिला तो केवळ महसुलाचा हक्क होता, सार्वभौमत्व नव्हे, असा निर्वाळा दिला. पण पुढे इंग्रजांनी पोर्तुगिजांचं राज्य तिथे मुकाट्याने मानलं होतं, हेही नोंदवलं. १२ एप्रिल १९६० च्या निकालात दोघांच्याही पदरात थोडंथोडं पडलं: खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्यायेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, फौज-पोलीस-हत्यारांना नव्हता, आणि भारताने त्या हक्काचा भंग केलेला नाही. लिस्बनमध्ये हा विजय म्हणून सांगितला गेला, दिल्लीतही विजय म्हणूनच. गावं तोवर सहा वर्षं स्वतःचा कारभार स्वतः करत होती.

गोवा सुटला, कैदी राहिला

वकिलात नसण्याची किंमत समजून घ्यायची तर मोहन रानड्यांची गोष्ट पुरेशी आहे. मूळ नाव मनोहर आपटे, सांगलीचे. गोव्यात ते मराठीचे शिक्षक म्हणून गेले आणि आझाद गोमंतक दलात शिरले. १९५५ च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. मोठी शिक्षा झाली, आणि पुढे त्यांना थेट पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या कॅशियास किल्ल्यात ठेवलं.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पणजीत तिरंगा चढला. रानडे मात्र कॅशियासमध्येच. ज्या सरकारविरुद्ध ते लढले त्याचं गोव्यातलं राज्य गेलं होतं, पण त्या सरकारच्या घरच्या तुरुंगाची किल्ली त्याच्याकडेच होती. पोर्तुगालच्या लेखी गोवा हा अजून त्याचा प्रांत, तात्पुरता शत्रूच्या ताब्यात गेलेला. लिस्बनच्या संसदेत गोव्याच्या नावाची जागाही पुढे चालू राहिली. अशा वेळी भारताने कैदी मागायचा कसा, आणि कोणामार्फत?

उलट बाजूलाही माणसं अडकली होती. गोव्यात शरण आलेले तीन हजारांहून जास्त पोर्तुगीज सैनिक छावण्यांत होते. स्वतः सालाझारला त्यांना परत न्यायची घाई नव्हती. शरण गेले याचाच त्याला राग होता. ते मायदेशी पोचले १९६२ च्या मे महिन्यात. शरणागतीवर सही करणारे गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांना तर सैन्यातून हाकलून देण्यात आलं. तिकडे मोझांबिकमध्ये पोर्तुगिजांनी तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांना छावण्यांत घातलं, दुकानं जप्त केली, हद्दपार केलं. त्यांतले बरेच गुजराती. त्यांच्यासाठी भांडायला भारताचा माणूस तिथे नव्हताच.

रानड्यांसाठी सुधीर फडक्यांनी महाराष्ट्रात जीव टाकला. सभा घेतल्या, निवेदनं दिली, दिल्लीच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी वाट सापडली ती रोमच्या बाजूने. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई १९६८ मध्ये पोप पॉल सहावे यांना भेटले तेव्हा त्यांनी रानड्यांच्या सुटकेची विनंती केली, असं सांगितलं जातं. कॅथलिक पोर्तुगालला पोपचा शब्द टाळणं अवघड. १९६९ च्या जानेवारीत रानडे सुटले. तुरुंगातल्या तेराहून अधिक वर्षांपैकी सात त्यांनी गोवा मुक्त झाल्यानंतर भोगली. एका द्रविड नेत्याने पोपकडे शब्द टाकून मराठी क्रांतिकारकाला सोडवावं, हा प्रसंग कादंबरीत लिहिला तर वाचक लेखकावर हसेल.

३१ डिसेंबरची सही

लिस्बनमध्ये २५ एप्रिल १९७४ रोजी सैन्याने हुकूमशाही उलथवली. बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी लाल कार्नेशन खोचली. नव्या सरकारला आफ्रिकेतल्या लढायांतून बाहेर पडायचं होतं; त्यामानाने गोव्याचा प्रश्न सोपा होता, तेरा वर्षांपूर्वीच सुटलेला. फक्त ते कागदावर मान्य करायचं होतं.

ते झालं ३१ डिसेंबर १९७४ ला, दिल्लीत. पोर्तुगालच्या बाजूने परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेश आणि भारताच्या बाजूने, दोन-अडीच महिन्यांपूर्वीच परराष्ट्र खातं हाती घेतलेले यशवंतराव चव्हाण. मुंबई राज्याचा मुख्यमंत्री म्हणून गोव्याच्या सरहद्दीची डोकेदुखी ज्यांनी सोसली त्यांच्याच सहीने हा विषय मिटावा, हा योगायोग कऱ्हाडकरांनी तरी लक्षात ठेवायला हवा. करारातली मेख पहिल्या कलमात आहे. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं, आणि ते सहीच्या दिवसापासून नव्हे, तर ते प्रदेश भारताच्या राज्यघटनेप्रमाणे भारताचा भाग झाले त्या त्या तारखांपासून. मधली वर्षं एका वाक्याने भरून काढली. करार अमलात आला ३ जून १९७५ ला. वकिलाती पुन्हा उघडल्या, आता पुऱ्या राजदूताच्या दर्जाच्या.

लिस्बनमधली भारताची वकिलात रेस्तेलो भागात आहे आणि तिच्या रस्त्याचं नाव आहे पेरो दा कोव्हिल्याँ. वास्को द गामाच्या दहा वर्षं आधी हा माणूस अरबांच्या वेषात मलबारपर्यंत येऊन बंदरांची टेहळणी करून गेला होता. आपल्या राजदूताच्या पाकिटावर रोज त्या हेराचं नाव पडतं.

त्यानंतरच्या वर्षांतली एक घटना मला कुठल्याही शिखर परिषदेपेक्षा मोठी वाटते. पोर्तुगिजांची बांको नासिओनाल उल्त्रामारिनो ही बँक गोव्यात दागिने तारण ठेवून कर्ज देई. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्य येण्याच्या थोडे दिवस आधी बँकेने तारणाचं सोनं लिस्बनला हलवलं. पाटल्या, गोठ, मंगळसूत्रं, सगळं. घरची माणसं पावती जपून बसली. ते दागिने परत आले १९९१ साली. तीस वर्षांनी पुडक्यांवरची नावं वाचत मालक किंवा त्यांचे वारस शोधले गेले. हुकूमशहाने हाकललेले व्हासालो इ सिल्वाही १९८० मध्ये गोव्यात येऊन गेले आणि लोकांनी त्यांचं आगतस्वागत केलं. गोवा बेचिराख करायचा सालाझारचा हुकूम त्यांनी पाळला नव्हता, हे गोवेकर विसरले नव्हते.

तेओर

आता पुन्हा फाईलकडे. तिच्यात असतं काय?

सगळ्यात वर ‘तेओर’. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीची शब्दशः नक्कल. गोव्यात सगळे तिला याच नावाने ओळखतात. जुन्या नोंदवह्या तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे, आणखी जुन्या पुराभिलेखागारात. मी ज्या कचेरीत बसलो तिथे कारकुनाने एक वही उघडून दाखवली. आडव्या मोठ्या पानावर सुबक तिरक्या हातात पोर्तुगीज मजकूर: अमुक तारखेला, सकाळच्या अमुक वाजता, अमुक गावी मुलगा जन्मला, बापाचा धंदा हा, आजा-आजी हे, साक्षीदार हे, तळाला साक्षीदाराच्या सहीऐवजी अंगठा. समासात नंतरच्या शाईने लग्नाची टीप. माणसाचं अर्धं चरित्र एका पानात.

अडचण नावाची. वहीत लिहिणाऱ्याने कामत ‘कामोतीं’ केलेला, नाईकाचं स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचं, शंकरची सुरुवात एक्स या अक्षराने. आधार कार्डावर वेगळं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. “नांव वेगळें आसा,” कारकून समोरच्या म्हाताऱ्याला शांतपणे सांगतो. म्हातारा म्हणतो, “पात्रांव, मनीस तोच मरे!” मग तोच माणूस असल्याचं प्रतिज्ञापत्र, त्यावर शिक्के, त्याचं भाषांतर. आणि इथे एजंट येतो. मडगावात, म्हापशात, पणजीत झेरॉक्सच्या दुकानाला लागून यांच्या खोल्या असतात. दारावर पोर्तुगालचा छोटा झेंडा, आत दोन संगणक आणि सेंट अँथनी. एकाशी गप्पा मारल्या. “सर, लिस्बनला नोंद घालणारा बसलाय त्याला पेडणं कुठे आणि केपें कुठे काय माहीत? त्याला कळेल असा कागद करून देणं, एवढंच आमचं काम,” तो म्हणाला. कोठारी आणि धुम्यांनी यापेक्षा वेगळं काय केलं, असं माझ्या मनात आलं.

कायद्याची बाजू अशी. भारताने १९६२ मध्ये आदेश काढून मुक्तीपूर्वी गोवा-दमण-दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना भारतीय नागरिक मानलं. ज्यांना पूर्वीचं नागरिकत्व ठेवायचं त्यांनी महिन्याभरात तसं लिहून द्यावं, अशी सवड ठेवली. ज्यांनी ती घेतली त्यांना विदेशी कायद्यातल्या परवान्यांच्या मागे लागावं लागलं. अशा एका धर्मगुरूंचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९६९ मध्ये त्यांच्याविरुद्ध निकाल लागला. पोर्तुगालने मात्र आपल्या बाजूने गोवेकरांचं नागरिकत्व पुसलंच नाही. त्यामुळे ज्याचा जन्म मुक्तीपूर्वीचा आहे तो आपली जन्मनोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत चढवून घेऊ शकतो. मग लग्नाची नोंद, मग मुलांची. एकेका पायरीला महिने, कधी वर्षं. शेवटी पासपोर्ट हाती येतो, आणि त्यावरून इंग्लंडमधल्या स्विंडनला जाता येई. तिथल्या गोदामांत आणि कारखान्यांत गोवेकरांची भली मोठी वस्ती झाली. ब्रेक्झिटनंतर ती वाट अरुंद झाली. आता मुलं जर्मनी, आयर्लंड, खुद्द पोर्तुगाल अशी नावं घेतात.

याच प्रवासाचं दुसरं टोक म्हणजे आंतोनिओ कोश्टा. मडगावचं घराणं, वडील लेखक. पोर्तुगालचे पंतप्रधान म्हणून ते २०१७ च्या जानेवारीत आले, भारत सरकारने त्यांना परदेशस्थ भारतीयाचं कार्ड दिलं आणि ते मडगावच्या वडिलोपार्जित घरी जाऊन आले. घरचे त्यांना ‘बाबुश’ म्हणतात, हे तेव्हा साऱ्या देशाला कळलं. फोटो झकास आले. आल्तिनोच्या झाडाखाली उभ्या माणसाला त्या फोटोंचा उपयोग शून्य. त्याला हवी असते तारीख, शिक्का आणि वहीतलं नाव बरोबर असल्याची खात्री.

एक गोष्ट मात्र त्या झाडाखाली फार कमी जण नीट बोलतात. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. आपखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारताचं संपतं; मत जातं, भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. लिस्बनला नुसती जन्मनोंद चढवली तर नागरिकत्व गेलं की राहिलं, यावर गोव्यात निवडणुका लढल्या गेल्या आहेत आणि कोर्टकचेऱ्याही झाल्या आहेत. तेव्हा ज्यांच्या घरी १९६१ च्या आधी जन्मलेलं माणूस आहे त्यांनी एजंटाकडे फाईल देण्यापूर्वी दोन कामं करावीत. रजिस्ट्रारच्या कचेरीत स्वतः जाऊन नोंद डोळ्यांनी बघावी आणि तेओरची एक प्रत आपल्या कपाटात ठेवावी. आणि मुलांना स्पष्ट विचारावं, की परत यायचंय का. कारण परतीच्या रस्त्यावरही कागदच लागतात, आणि ते जास्त लागतात.